बंदर नसलेल्या गावातून जहाज गाठताना

आंतरराष्ट्रीय मालवाहतुकीची बहुतेक पाठ्यपुस्तके बंदराच्या धक्क्यावर उभे राहून लिहिलेली असतात. माल कारखान्यातून निघतो, बंदरावर येतो आणि जहाजावर चढतो, असा त्यांतील क्रम असतो. त्यातला पहिला टप्पा एखाद्या वाक्यात उरकलेला असतो. नागपुरात राहून निर्यातीचे काम करणाऱ्याचा निम्मा जीव मात्र त्या एका वाक्यातच अडकलेला असतो. वर्धा मार्गावरील एका फ्रेट फॉरवर्डरच्या, म्हणजे निर्यातदारांच्या मालाची वाहतूक जुळवून देणाऱ्या संस्थेच्या, कार्यालयात मी निर्यात विभाग सांभाळते. लॉजिस्टिक्सच्या अभ्यासक्रमात पाठ केलेला प्रत्येक नियम समुद्रापासून सुमारे आठशे किलोमीटर आत आणून पुन्हा मांडून पाहायचा, असेच माझ्या इथल्या शिकण्याचे स्वरूप राहिले आहे.

झिरो माईलच्या दगडाचा आम्हां नागपूरकरांना फार अभिमान. देशाच्या मध्यावर असल्याने मालवाहतुकीसाठी हे शहर सर्वांत सोयीचे, असे व्याख्यानांतून नेहमी सांगितले जाते आणि देशांतर्गत वितरणाच्या बाबतीत ते खरेही आहे. निर्यातदाराला त्याच गोष्टीची दुसरी बाजू दिसते, ती म्हणजे मध्यावर असणाऱ्याला सगळेच समुद्र सारखेच लांब असतात. न्हावा शेवा धरा, विशाखापट्टणम धरा नाहीतर मुंद्रा, अजनीच्या इनलँड कंटेनर डेपोतून, म्हणजे जिथे सीमाशुल्काचे काम होते अशा आतल्या कंटेनर-तळावरून, निघालेल्या डब्याला (कंटेनरला) आधी अर्धा देश ओलांडावा लागतो.

हा फरक सर्वांत आधी जाणवला तो इन्कोटर्म्सच्या, म्हणजे जोखीम आणि खर्च विक्रेत्याकडून खरेदीदाराकडे कुठे जातो हे ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय व्यापार अटींच्या, बाबतीत. इन्कोटर्म्स २०२० मध्ये एकूण ११ अटी आहेत. त्यांतल्या ७ कोणत्याही वाहतुकीला चालतात आणि ४ फक्त जलवाहतुकीसाठी आहेत. एफओबी (फ्री ऑन बोर्ड) ही त्या चारांपैकी एक. तिच्यानुसार माल जहाजावर चढेपर्यंतची जोखीम विक्रेत्याची असते. परीक्षेत हे एका ओळीत लिहून गुण मिळतात. प्रत्यक्षात भंडारा-गोंदियाकडील तांदूळ गिरणीचे मालक फोनवर विचारतात, "मॅडम, डबा अजनीला लावला का आपलं काम झालं ना?" त्यांच्या करारात एफओबी न्हावा शेवा लिहिलेले असते, अजनीत सीमाशुल्काची मंजुरीही मिळालेली असते, त्यामुळे माल हातावेगळा झाला अशी त्यांची प्रामाणिक समजूत असते. परंतु ट्रेलर वाटेत उलटला, किंवा बंदराच्या यार्डात डब्यात पाणी शिरले, तर तो तोटा त्यांचाच असतो आणि खरेदीदाराच्या विमा पॉलिसीकडे बोट दाखवता येत नाही, कारण जोखीम अजून खरेदीदाराकडे गेलेलीच नसते. मुंबईच्या निर्यातदारासाठी ही दरी काही तासांची असते, आपल्यासाठी ती कित्येक दिवसांची असू शकते.

कंटेनरमधून जाणाऱ्या मालासाठी एफओबीऐवजी एफसीए (फ्री कॅरिअर) वापरा, असे ही नियमावली काढणाऱ्या इंटरनॅशनल चेंबर ऑफ कॉमर्सचेच मार्गदर्शन आहे. एफसीए नागपूर असे लिहून ठिकाण म्हणून अजनीचा डेपो नमूद केला, तर तेथे माल वाहतूकदाराच्या हवाली होताच जोखीम खरेदीदाराकडे जाते. विदर्भातील निर्यातदारासाठी याहून सोयीची अट नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. तरीही ती क्वचितच वापरली जाते. त्यामागे सवयीचा भाग मोठा असला तरी एक व्यावहारिक अडचणही होती. लेटर ऑफ क्रेडिट, म्हणजे खरेदीदाराच्या वतीने पैशांची हमी, देणारी बँक माल जहाजावर चढल्याची नोंद असलेले बिल ऑफ लेडिंग (वाहतूकदाराने दिलेली मालाची पावती) मागते आणि एफसीएमध्ये विक्रेत्याची जबाबदारी त्याच्या कितीतरी आधी संपलेली असते. २०२० च्या आवृत्तीत यावर तोड काढली गेली. विक्रेता व खरेदीदार यांनी तसे ठरवले असेल, तर माल जहाजावर चढल्यावर तशी नोंद असलेले बिल विक्रेत्याला द्यावे, अशी सूचना खरेदीदाराने वाहतूकदाराला द्यायची असते. करार करताना हे एक वाक्य मागून घेणे एवढेच काम उरते, पण ते मागायचे असते हे ठाऊक असावे लागते.

दुसरा विषय रिकाम्या कंटेनरचा. पुस्तकात कंटेनर नेहमी उपलब्धच असतो. फार तर त्याची मापे दिलेली असतात. वीस फुटी डब्यात साधारण ३३ घनमीटर आणि चाळीस फुटी डब्यात साधारण ६७ घनमीटर जागा असते, हे सगळे पाठ असते. प्रत्यक्षात रिकामा डबा नागपुरात तेव्हाच असतो, जेव्हा कोणाचा तरी आयात माल भरून आलेला डबा येथे रिकामा झालेला असतो. येथून जाणारे डबे जास्त आणि येणारे कमी असले की शिपिंग लाइनला, म्हणजे जहाज कंपनीला, ते बंदरावरून रिकामेच वर आणावे लागतात आणि तो खर्च या ना त्या नावाने भाड्यात चढतो. म्हणून दर मागण्यापूर्वी कोणत्या लाइनचे रिकामे डबे सध्या डेपोत पडून आहेत, हे विचारण्याची सवय मला लागली. सागरी भाडे थोडे जास्त असलेली, पण डबा जागेवर देणारी लाइन पुष्कळदा एकूण हिशेबात स्वस्त पडते.

डबा मिळाला तरी तो कसा आहे, हे पाहावे लागते. भंगार किंवा रद्दी कागद घेऊन आलेल्या डब्यात तांदूळ भरायचा म्हटले तर वास, तेलाचे डाग आणि फळ्यांतून वर आलेले खिळे हे सगळे तपासणे भाग असते. पाहणी करणारे सर्व्हेअर एक जुनी पद्धत वापरतात, ती मला फार आवडते. माणूस आत उभा राहतो, बाहेरून दोन्ही दारे बंद केली जातात आणि तो अंधारात छताकडे व कोपऱ्यांकडे पाहतो. कुठे उजेडाचा ठिपका दिसला तर तेथून पाणी येणार हे नक्की आणि तो डबा परत जातो. नागपूरच्या मे महिन्यात पत्र्याच्या बंद डब्यात मिनिटभर उभे राहणे म्हणजे काय, हे ज्याने केले त्यालाच कळेल.

दारावर लिहिलेल्या आकड्यांचेही तसेच आहे. कंटेनरचा क्रमांक म्हणजे चार अक्षरे, सहा अंक आणि शेवटी चौकटीत एक तपासणी अंक. प्रत्येक अक्षराला एक ठरलेली किंमत असते. ती आणि पुढचे अंक डावीकडून १, २, ४, ८ असे दुपटीने गुणून येणाऱ्या बेरजेला ११ ने भागले की उरते ती बाकी म्हणजे हा तपासणी अंक, आणि बाकी १० आली तर शून्य. हे गणित आता संगणक करतो, परंतु शिपिंग बिलात, म्हणजे सीमाशुल्काकडे भरायच्या निर्यातीच्या कागदात, क्रमांकाचा एक अंक इकडचा तिकडे झाला, तर डबा एका ठिकाणी आणि त्याची कागदपत्रे दुसऱ्याच डब्याच्या नावावर अशी स्थिती होते, म्हणून दारावरचा छापील क्रमांक पाहून मी ते एकदा करूनच पाहते. त्याच दारावर रिकाम्या डब्याचे वजन आणि कमाल एकूण वजन लिहिलेले असते. ५० किलोच्या ५०० गोण्या म्हणजे २५ टन तांदूळ; त्यात डब्याचे सव्वादोन टनांच्या आसपास वजन मिळवले की ट्रेलरच्या धुऱ्यांवर किती भार येतो, याचा विचार सुरू होतो. १ जुलै २०१६ पासून भरलेल्या कंटेनरचे प्रमाणित एकूण वजन कळवल्याशिवाय तो जहाजावर चढवता येत नाही. हे वजन गाव सोडण्यापूर्वी काट्यावर झालेले बरे, कारण बंदराच्या दारात जादा वजन निघाले तर गोण्या उतरवायला तेथे आपले कोणीच नसते.

मात्र मला सर्वांत जास्त वेळ लागला तो तारखा उलट्या मोजायला शिकण्यात. जहाज सुटण्याची तारीख हाती धरायची, तेथून बंदरात डबा आत घेण्याची शेवटची वेळ, त्याआधी रेल्वेचा प्रवास, त्याआधी रेक, म्हणजे डब्यांची मालगाडी, सुटण्याचा दिवस, त्याआधी सीमाशुल्काची मंजुरी, त्याआधी माल भरणे आणि सर्वांत आधी रिकामा डबा उचलणे, असे मागे मागे यायचे. यात रेकचा भरवसा सर्वांत कमी. कंटेनरच्या एका रेकमध्ये साधारण ४५ वाघिणी असतात, म्हणजे वीस फुटी ९० डबे. तेवढा माल जमला नाही तर गाडी थांबते आणि आपण थांबतो. यावर "डबा लवकर उचलून ठेवू" असे उत्तर कोणीही देईल. पण डबा ताब्यात घेतल्या दिवसापासून लाइनने दिलेले मोफत दिवस संपू लागतात आणि ते संपले की डिटेन्शन, म्हणजे डबा अडकवून ठेवल्याचा आकार, लागते. उशिरा उचलला तर जहाज चुकते. या दोहोंमधली फट किती अरुंद ठेवायची, हे प्रत्येक मालागणिक वेगळे ठरते आणि त्याचे कोष्टक कोणत्याही पुस्तकात मिळत नाही. ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग जून २०२५ मध्ये पूर्ण खुला झाल्यापासून रेक चुकलेला डबा ट्रेलरने पाठवण्याचा मार्ग पूर्वीपेक्षा भरवशाचा झाला आहे. मात्र जड मालाला तो महाग पडतो, म्हणून आम्ही त्याचा खर्च आधीच ग्राहकाला सांगून ठेवतो.

संत्र्याचे गणित आणखी नाजूक. नागपुरी संत्र्याला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, त्यामुळे निर्यातीची चौकशी करणारे बागायतदार अधूनमधून येतात आणि शीतकंटेनर मिळाला की प्रश्न मिटला, असे त्यांना वाटते. शीतकंटेनरचे काम थंड माल थंड ठेवणे हे आहे. बागेतून उन्हात आलेले फळ गार करण्याची ताकद त्याच्यात नसते. आधी प्रीकूलिंग, मग भरणे, आणि बंदरापर्यंतच्या सगळ्या वाटेवर डब्याला वीज देणारा डिझेल जनरेटर, असा हा साज असतो. त्यातला जनरेटर तर खास आपल्यासारख्या आतल्या गावांचाच खर्च आहे. हवाई मार्गाचा विचार करणाऱ्यांना मी फक्त एक गुणाकार करून दाखवते: ६० × ५० × ४० सेंटिमीटरच्या खोक्याचे घनफळ ६००० ने भागले की २० किलो येतात. खरे वजन आणि असे आकारमानावरून काढलेले वजन यांतले जे जास्त, त्यावर विमानाचे भाडे लागते; म्हणून खोक्यात माल नऊच किलो असला, तरी भाडे वीस किलोंचेच लागते.

आत असण्याचा फायदा कधीच होत नाही, असे मात्र नाही. २० जुलै २०२३ रोजी केंद्र सरकारने बिगर-बासमती पांढऱ्या तांदळाच्या निर्यातीवर अचानक बंदी घातली, तेव्हा काही खेपांना सूट होती. ज्यांचा माल अधिसूचनेपूर्वीच सीमाशुल्क विभागाच्या हवाली होऊन त्यांच्या प्रणालीत नोंदला गेला होता, त्यांना तो पाठवता येणार होता. सीमाशुल्काच्या दृष्टीने अजनीचा डेपोही निर्यातीचे अधिकृत ठिकाण असल्याने, माल जहाजापर्यंत पोहोचला नसला तरी येथे नोंद झाली असणे महत्त्वाचे ठरत होते. ती बंदी सप्टेंबर २०२४ मध्ये उठली. पण माल भरून झाल्यावर "उद्या लावू" म्हणणाऱ्याला मी अजूनही त्या जुलैची आठवण करून देते. २०२३ च्याच अखेरीस तांबड्या समुद्रातील हल्ल्यांमुळे युरोपकडे जाणारी जहाजे सुएझ सोडून आफ्रिकेला वळसा घालू लागली, प्रवास सुमारे दोन आठवड्यांपर्यंत लांबला, आणि लेटर ऑफ क्रेडिटमधील मुदती नव्याने मागून घ्याव्या लागल्या. त्या बाबतीत मात्र मुंबईकर आणि नागपूरकर एकाच रांगेत होते.

जहाज सुटले की फाइल बंद करण्याचा मोह सगळ्यांना होतो. पण निर्यातीवर आयजीएसटी (एकात्मिक वस्तू व सेवा कर) भरलेला असेल तर त्याचा परतावा शिपिंग बिलावर निघतो आणि तो मिळण्यासाठी जहाजाचा एक्सपोर्ट जनरल मॅनिफेस्ट, म्हणजे त्यावरून निघालेल्या मालाची यादी, दाखल झालेला असावा लागतो. अजनीहून गेलेल्या मालाच्या बाबतीत डेपोने दाखल केलेला रेल्वे किंवा ट्रकचा तपशील आणि बंदरावर दाखल झालेला मॅनिफेस्ट, हे दोन्ही एकमेकांशी जुळावे लागतात. जीएसटीच्या सुरुवातीच्या काळात आतल्या डेपोंतील कितीतरी निर्यातदारांचे परतावे याच विसंगतीमुळे अडकले होते, आणि आपले पैसे बंदरावरच्या एका न भरलेल्या रकान्यात अडकले आहेत, हे अनेकांना महिनोन्‌महिने कळलेही नव्हते. म्हणून बिल ऑफ लेडिंग हाती आल्यानंतर मी फाइल आठवडाभर टेबलावरच ठेवते, सीमाशुल्काच्या आइसगेट या संकेतस्थळावर शिपिंग बिलाचा क्रमांक टाकून दोन्ही नोंदी लागल्या आहेत का ते पाहते आणि त्या लागल्या नसतील तर शिपिंग लाइनच्या न्हावा शेव्यातील कार्यालयाला फोन लावते.