चपलांचे गेट आणि लेकीची स्की रेस

सध्या नाशिकला आलेय. तिकडे ऑस्ट्रियात शाळेला मोठी सुट्टी जुलै-ऑगस्टमध्येच असते, त्यामुळे आमच्या वाट्याला नेहमी पावसाळी नाशिक. काल दिवसभर रिपरिप चालू होती, मुलं घरात कंटाळली, मग तिकडे स्की रेस शिकणाऱ्या माझ्या लेकीने पार्किंगमध्ये सगळ्यांच्या चपला एकाआड एक मांडल्या आणि मामेभावांना सांगितलं की हे गेट्स, यातून वळत वळत यायचं, एक जरी सुटलं तरी बाद. मोठा भाचा म्हणाला, आत्या, हे बर्फावर नक्की करतात कसं? आणि आई तर गेली दोन वर्षं फोनवर एकच विचारते, पोरीला एवढ्या वेगात सोडतेस कशाला गं?

म्हणून दोघांसाठी लिहितेय. खरं सांगू का आई, वेग फार नंतर येतो. पहिले कित्येक दिवस शिकवतात ते थांबायला आणि पडल्यावर उठायला. स्की म्हणजे बुटाखाली अडकवायच्या लांब पट्ट्या. त्यांची पुढची टोकं जवळ आणि मागची लांब, असा त्रिकोण केला की वेग कमी होतो, तिकडची मुलं त्याला पिझ्झा म्हणतात आणि दोन्ही स्की समांतर ठेवल्या की पोम्मेस, म्हणजे फ्रेंच फ्राइज. चार वर्षांच्या पोरांनाही हे लगेच कळतं.

मग येतं वळण, आणि सगळी रेस त्यावरच असते. कसाऱ्याच्या घाटात बस वळली की आपण बाहेरच्या बाजूला फेकले जातो ना, तसाच जोर इथेही येतो, म्हणून डावीकडे वळताना भार उजव्या पायावर द्यायचा, म्हणजे बाहेरच्या स्कीची धारदार कड बर्फात रुतते. घाबरलं की माणूस आपोआप डोंगराकडे झुकतो आणि नेमका तिथेच पाय सटकतो. लेकीला हे जमायला एक अख्खा हिवाळा लागला.

अल्पाइन रेसचे मुख्य प्रकार चार: स्लॅलम, जायंट स्लॅलम, सुपर-जी आणि डाउनहिल. स्लॅलममध्ये गेट्स सगळ्यात जवळजवळ, डाउनहिलमध्ये सगळ्यात कमी वळणं आणि मोठ्यांचा वेग ताशी १३० किलोमीटरच्याही पुढे. टीव्हीवर आईने पाहिलं ते हेच, लहान मुलांना त्यात कोणी सोडत नाही. त्यांच्यासाठी सौम्य उतार आणि गेट म्हणून गुडघ्याएवढ्या, लागल्या तरी वाकणाऱ्या काठ्या, लाल निळी लाल निळी. दोन्ही पाय गेटच्या रेषेतून गेलेच पाहिजेत, एक पाय काठीच्या या बाजूला आणि दुसरा त्या बाजूला गेला की बाद. वेळ मोजतात सेकंदाच्या शंभराव्या भागापर्यंत.

मला सगळ्यात जास्त आवडतं ते रेसच्या आधीचं. मुलं कोचबरोबर हळूहळू घसरत पूर्ण कोर्स, म्हणजे रेसचा मार्ग, बघून घेतात, कुठे उतार वाढतो, कुठे बर्फ कडक आहे, आणि मग वर जाऊन डोळे मिटून हाताने वळणं घेत सगळं पाठ करतात. लेक रात्री पलंगावर पडूनही तेच करते. एवढ्याशा जिवाची ती एकाग्रता बघून मला भरून येतं.

एक चूक मात्र माझ्याकडून झाली. आपण वाढत्या अंगाचं घेतो तसे मी बूट दोन नंबर मोठे घेतले. आत पाय हलत होता, त्यामुळे स्की वळतच नव्हती आणि ती बिचारी स्वतःलाच दोष देत होती. बूट मापाचाच हवा. स्कीवर बूट अडकवायचं बाइंडिंगही वजन, उंची आणि बुटाच्या तळव्याची लांबी बघून सेट करतात म्हणजे जोरात पडलं की स्की सुटते आणि पाय वाचतो. हेल्मेट तर हवंच. दोन-तीन वर्षांत सगळं लहान होतं म्हणून आम्ही आता सीझनभर भाड्याने घेतो.

भाच्याने मग विचारलं की आपल्याकडून कोणी जातं का? जातं रे! २०२२ च्या बीजिंग हिवाळी ऑलिम्पिकमध्ये भारताचा एकच खेळाडू होता, काश्मीरचा आरिफ खान, जायंट स्लॅलममध्ये ४५ वा आला. मनालीच्या आंचल ठाकूरने २०१८ मध्ये तुर्कीत ब्रॉन्झ मिळवलं, स्कीइंगमधलं भारताचं पहिलं आंतरराष्ट्रीय मेडल म्हणून ते गाजलं. आणि सावरपाड्याची कविता राऊत धावत धावत जगभर पोचली ते तर आपल्या जिल्ह्यातच घडलं, मग नाशिकचं पोरगं बर्फावर का नाही जाणार? दादा आता गुलमर्गची चौकशी करतोय.

हे लिहितेय तोवर खाली तिसरी फेरी चालू आहे. भाचा शेवटच्या गेटला अडखळला तर लेक त्याला सांगतेय, पायाकडे बघू नकोस, पुढच्या चपलेकडे बघ. आणि आई अनवाणी उभी राहून मोबाइलवर सेकंद मोजतेय.