पण जिंकतं कोण?

दिवाळीला इंदूरला, रामबागेतल्या घरी भावंडं जमली होती. त्यांना मी तासभर खेळ समजावला आणि मामांनी शेवटी एवढंच विचारलं, "ते सगळं ठीक रे, पण जिंकतं कोण?"

कोणीच नाही, म्हटलं. सगळे एकाच बाजूला.

मामांनी शांतपणे पत्त्यांचा कॅट पिसायला घेतला. पाच मिनिटांत मेंढीकोट सुरू झाला, आणि चौथा भिडू मीच होतो.

खेळ 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स'. १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी काढलेला. यात पट नसला तरी चालतं. एक जण सूत्रधार, त्याला डीएम म्हणतात. तो सांगतो, समोर भुयार आहे, आत मिट्ट काळोख, काय करता? बाकीच्यांनी आपापल्या सोंगातून उत्तर द्यायचं. मी चोर असेन तर म्हणेन, कुलूप उघडतो. आता उघडतं का, ते वीस बाजूंचा फासा ठरवणार. पडलेल्या आकड्यात माझ्या हातचलाखीचे दोन-चार मिळवायचे. डीएमने धरलेला आकडा गाठला तर दार उघडलं. फासा बोराएवढा असतो. साध्या फाशात समोरासमोरच्या बाजूंची बेरीज सात होते, यात एकवीस. त्याचा चार बाजूंचा भाऊही असतो, पिरॅमिडसारखा. तो कसाही पडला तरी एक टोक वर. हे वहिनीला रात्री अनवाणी पाणी प्यायला उठल्यावर कळलं. मला सकाळी, सविस्तर.

फासे एका पुडीत सात मिळतात. भिडूंची पुडी मिळत नाही. ऑफिसात विचारून पाहिलं, एकाने "भिया, लूडो है क्या?" म्हणून फोन काढला. मग इंटरनेटवर शोधायला लागलो, तर तिथे माणसंच माणसं! पण बरीचशी भांडणारी. २०१४ची पाचवी आवृत्ती खरी की २०२४ची सुधारलेली, यावर लोक इस्टेटीच्या वाटणीसारखे हमरीतुमरीवर येतात. तिथे मी महिनाभर नुसता वाचत होतो. ज्ञान वाढलं, डाव एकही पडला नाही. यातून माझं एक मत झालं: "कुठली आवृत्ती?" विचारणाऱ्यापेक्षा "तू कोण होणार?" विचारणारा भिडू बरा.

तसे चौघं अखेर भेटले. डीएम अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर, दोघं तिकडचेच, एक मुलगी बडोद्याची. ती मराठी आहे हे तिसऱ्या डावाला कळलं. ड्रॅगन बघून तिच्या तोंडून "अगं आई गं" निघालं म्हणून. पहिल्या दिवशी खेळलेच नाहीत. कुणाला काय खटकतं, गोष्टीत काय नको, एवढंच बोलले. मला गंमत वाटली. आमच्याकडे मेंढीकोट खेळताना दोन सख्खे भाऊ वर्षभर बोलेनासे झालेले आहेत, त्यांना कुणी आधी असं विचारलं नव्हतं. मी तेव्हा कच्चं लिंबू. मेलो तरी मरू देत नसत.

त्यांची शुक्रवार रात्र आठची, म्हणजे आपली शनिवार पहाट साडेपाचची. नोव्हेंबरात तिकडची घड्याळं तासभर मागे जातात हे मला कोणी सांगितलं नव्हतं, किंवा सांगितलं असेल. त्या शनिवारी तासभर काळ्या पडद्यासमोर बसलो होतो. आजी उठली, माझ्याकडे बघितलं, आणि काही न विचारता चहा ठेवला.

सात वाजता आमच्या गल्लीत कचरागाडी येते, मोठ्याने गाणं लावून. माझा चोर श्वास रोखून झोपलेल्या गॉब्लिनच्या, म्हणजे गोष्टीतल्या बुटक्या राक्षसांच्या, उशाशी पोचलेला आणि खिडकीतून गाणं! "हे काय आहे?" डीएमने विचारलं. सांगितलं. इंदूर, स्वच्छ शहरांत पहिला नंबर, ओला-सुका वेगळा, सगळं. तो क्षणभर गप्प. मग म्हणाला, "भुयाराच्या टोकाकडून एक गाणारी गाडी येतेय. गॉब्लिन दचकून उठलेत. काय करता?"

बडोदेवाली म्हणाली, "त्यांनी कचरा वेगळा केलाय का, ते बघते." फासा टाकला. एकोणीस.

केला नव्हता.