दुसऱ्या नंबरचा रिमोट

पुण्यातल्या जुन्या सोसायट्या पुनर्विकासाला जायला लागल्यापासून माळे भराभर रिकामे होत आहेत. पाटा-वरवंटा, पितळी बंब, तुटका पाळणा यांच्या मागोमाग टीव्हीला जोडायचा एक व्हिडिओ गेमही खाली येतो. भंगारवाला त्याचे दहा-वीस रुपये देऊ करतो आणि तेवढ्यावरून घरातल्या कुणाचा तरी जीव कळवळतो. मग कुणीतरी सांगतं, "अगं, तिच्याकडे दे, ती दुरुस्त करते."

ती म्हणजे मी. शिक्षण कॉमर्सचं, पोट हिशेबावर. पण शनिवारी संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर जुना पेपर अंथरला, सोल्डरिंग आयर्न तापायला ठेवलं की मला दुसरं काही सुचत नाही. पैसे घेत नाही, त्यामुळे कुणी तक्रार करत नाही. सासूबाईंची एवढीच अट आहे की जेवणाच्या वेळेआधी टेबल मोकळं हवं आणि तो धूर देवघराकडे जाता कामा नये. म्हणून खिडकी उघडी ठेवायची, पंखा बंद.

मूळ यंत्र जपानचं. निन्टेन्डो कंपनीनं १५ जुलै १९८३ रोजी 'फॅमिली कॉम्प्युटर' बाजारात आणला, किंमत १४,८०० येन. मासायुकी उएमुरा हे त्याचे मुख्य अभियंते. आत रिको कंपनीनं बनवलेला, ६५०२ नावाच्या चिपच्या घराण्यातला प्रोसेसर आणि कामाची मेमरी अवघी २ किलोबाइट. नव्वदच्या दशकात आपल्याकडे घरोघरी जे आलं ते मात्र हे नव्हे, ही त्याची नक्कल. कुणावर 'मीडिया' लिहिलेलं, कुणावर 'टर्मिनेटर', कुणावर नुसताच एखादा रोबो छापलेला. आपण सगळ्याला व्हिडिओ गेमच म्हणत होतो, त्यात घालायच्या पेटीला कॅसेट आणि हातात धरून खेळायच्या बटणांच्या खोक्याला रिमोट.

नक्कल म्हणून कुणी नाक मुरडायचं कारण नाही. दुरुस्ती करणाऱ्याच्या दृष्टीनं ही नक्कल खऱ्यापेक्षा सरळ आहे. अमेरिकेत गेलेल्या खऱ्या यंत्रात निन्टेन्डोनं एक कुलूप-चिप बसवली होती. तिची जोडीदार चिप कॅसेटमध्ये. दोघींचं बोलणं जुळलं तरच गेम चालू. स्लॉटच्या पिना काळवंडल्या की बोलणं तुटायचं आणि यंत्र दर सेकंदाला नव्यानं चालू होत राहायचं, लाल दिवा उघडमीट करत. तिकडचे हौशी लोक सरळ त्या चिपचा चौथा पाय कापून टाकतात. जपानी मूळ यंत्रात ही भानगड नव्हती, म्हणून आपल्या नकलांतही आली नाही. कुठलीही कॅसेट खुपसा, चालली तर चालली. '९९९९ इन १' लिहिलेली सुद्धा. मोजकेच गेम घेऊन, तेच वेगवेगळ्या टप्प्यांवरून सुरू करून, तो आकडा फुगवलेला असे. हिशेब तपासणारी म्हणून त्या कॅसेटच्या लेबलाबद्दल मला बरंच काही म्हणता येईल, पण ते राहू दे.

चार-पाच स्क्रू काढून झाकण उघडलं की आधी भेटतो तो याआधीचा दुरुस्ती करणारा. चालू-बंदचं बटण खाली राहत नाही म्हणून खोचलेली अगरबत्तीची काडी. तारांच्या जोडाला औषधाची चिकटपट्टी. तुटलेल्या स्क्रूच्या खोबणीत एमसील. एका यंत्रात तर चॉकलेटची चांदी घडी घालून फ्यूजसारखी बसवलेली होती. यावर हसू नये. हे सगळं पुढे कित्येक सुट्ट्या चाललेलं असतं. त्यानंतर झुरळं. त्यांना आतली ऊब आवडते आणि ती ऊब येते ७८०५ नावाच्या तीन पायांच्या रेग्युलेटरकडून. अडॅप्टर ९ व्होल्ट देतो, चिपला हवेत ५, मधले ४ हा बिचारा उष्णता करून उधळतो. गेम तासाभरानं 'तापतो' म्हणून आई बंद करायला लावायची, ते अगदीच खोटं नव्हतं.

बोर्डाच्या मध्यावर काळ्या रेझिनचा एक घट्ट थेंब असतो. त्याखाली अख्खं यंत्र, म्हणजे प्रोसेसर, चित्र काढणारी चिप, सगळं, उघड्या सिलिकॉनच्या तुकड्यावर. तो थेंब फोडला तर काही उरत नाही. दुरुस्तीची हद्द तिथे संपते. पण गंमत अशी की माझ्याकडे आलेल्या यंत्रांमध्ये तो थेंब सहसा ठणठणीत असतो. बिघडतं ते भोवतालचं, आणि त्यातही जिथे जिथे घरातल्यांचे हात पोचले तेवढंच. अडॅप्टरची पिन जिथे रोज खुपसली-उपसली तिथलं ड्राय सोल्डर, म्हणजे तडकलेला जोड. कॅसेटचा स्लॉट, ज्यात सगळ्या महाराष्ट्रानं फुंकर मारली. फुंकरीनं खरं तर काही होत नव्हतं. कॅसेट काढून पुन्हा बसवताना पिना घासल्या जात, काम त्यानं होई. आपल्या वाफेनं उलट त्या पिना गंजत गेल्या. आता आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि कापूस, अगदी हट्टी असेल तर पांढरा खोडरबर.

आणि रिमोट. रिमोट उघडला की त्या घरातली मुलं कशी होती हे बऱ्यापैकी कळतं.

बटणाखाली रबराची टोपी, टोपीच्या पोटात कार्बनची काळी चकती. बटण दाबलं की चकती बोर्डावरच्या दोन रेघा जोडते. वर्षानुवर्षं दाबून चकती गुळगुळीत होते, मग अंगठा दुखेपर्यंत दाबावं लागतं. पहिल्या नंबरच्या रिमोटमध्ये उजव्या बाणाची चकती कायम झिजलेली. गेममधला मारिओ उजवीकडेच पळतो, त्याला पडद्याबाहेर मागे जायची परवानगीच नाही, पडदा मागे सरकत नाही. त्याच्याखालोखाल 'बी' बटणाची, कारण ती धरून ठेवली की तो जोरात धावतो. डावीकडची चकती मात्र दुकानातून आणल्यासारखी. चारही बाणांच्या चकत्या एकाच रबरी तुकड्यात असतात. बोर्डावरच्या खुंट्या जुळल्या तर तो तुकडा अर्धा फिरवून बसवायचा. कोरी डावी बाजू उजवीकडे येते आणि रिमोटला दुसरा जन्म मिळतो, एक रुपया न घालवता. खुंट्या जुळल्या नाहीत तर नवं रबर मागवायचं, नाहीतर ग्रॅफाइटचा लेप. चांदीचा कागद चिकटवणारे आहेत. तो चालतो, पण थोड्या दिवसांनी सुटतो.

दुसऱ्या नंबरच्या रिमोटमध्ये बहुतेक वेळा काहीच झिजलेलं नसतं. तार तेवढी तुटलेली, कारण तो सदा गुंडाळून ठेवलेला. मी तो उघडते आणि मला त्या घरातली धाकटी दिसते. माझ्या लहानपणी पहिला रिमोट दादाचा, हे कुणी ठरवलेलं नव्हतं. ते असंच होतं. दोघांचा गेम लावला की आधी तो खेळणार, तो मेला की मी. आणि तो मरायचा नाही.

मूळ जपानी यंत्राच्या दुसऱ्या रिमोटला 'स्टार्ट' आणि 'सिलेक्ट' ही बटणं दिलीच नव्हती. तिथे त्याऐवजी एक छोटासा मायक्रोफोन होता. आपल्या पुष्कळ नकलांनी बटणं वगळायचं तेवढं इमानदारीनं उचललं आणि मायक्रोफोन गाळला. म्हणजे धाकट्याला गेम सुरूही करता यायचा नाही आणि थांबवताही यायचा नाही.

रिमोटच्या तारेत पाच वायरी असतात: ५ व्होल्ट, ग्राउंड, लॅच, क्लॉक आणि डेटा. रंगांवर विसंबून चालत नाही, प्रत्येक कारखान्याचं इंद्रधनुष्य वेगळं. मल्टिमीटरची बीप ऐकत एकेक शोधावी लागते. बटणं आठ आणि निरोप आणायला वायर एकच, तर ते चालतं शाळेतल्या हजेरीसारखं. यंत्र लॅचवरून सांगतं, सगळे जागेवर बसा. मग क्लॉकच्या एकेका ठोक्याला एकेकाचं नाव: ए, बी, सिलेक्ट, स्टार्ट, वर, खाली, डावा, उजवा. दाबलेलं बटण 'हजर' म्हणतं. चित्र बदलेल तितक्यांदा, सेकंदाला पन्नासदा ही हजेरी होते. क्लॉकची वायर तुटली तर नाव पुढे सरकतच नाही, आठही वेळा 'ए'लाच पुकारलं जातं. मग 'ए' दाबला की यंत्राला वाटतं आठही बटणं एकदम दाबली, आणि मारिओ उडी मारता मारता गेम थांबतो. "ताई, भूत शिरलंय," म्हणून एक यंत्र माझ्याकडे आलं होतं, ते हे. दुसऱ्या नंबरच्या रिमोटमध्येही सिलेक्ट-स्टार्टची नावं रोज पुकारली जातात बरं का. उत्तर द्यायला कुणी नसतं.

पन्नास म्हटलं, ते आपल्याकडे. जपानी टीव्हीवर सेकंदाला साठ चित्रं, आपल्या पाल पद्धतीच्या टीव्हीवर पन्नास. नक्कल करणारे हुशार होते. त्यांनी पालसाठी चिप बनवताना प्रोसेसरचा वेग मुळाच्या जवळ ठेवला, १.७९ च्या जागी १.७७ मेगाहर्ट्झ. त्यामुळे गाण्याचे स्वर जवळपास तेच राहिले. पण गेम आपलं संगीत चित्रागणिक पुढे नेतो, म्हणून लय एक षष्ठांशानं उतरली. आपण सगळ्यांनी मारिओ विलंबितात ऐकलाय! पुढे मोबाइलवर मूळ चाल ऐकली तेव्हा मला वाटलं, कुणीतरी बस सुटेल म्हणून घाईत वाजवतंय. वेगळ्या चिपा असलेलं यंत्र असेल तर त्या बदलून साठ करून घेता येतं, करतातही. मी करत नाही. कुणी मागितलं तरी एकदा परावृत्त करून बघते.

काय बदलायचं आणि काय नाही, यात माझं काही शास्त्र नाही. ७८०५ मी काढते, त्याबद्दल मला प्रेम नाही. त्याजागी मोबाइलच्या चार्जरचे ५ व्होल्ट थेट देते. झुरळांची सोय जाते, बाकी कुणाचं नुकसान नाही. शिवाय त्या जुन्या अडॅप्टरांचं काही खरं नसतं, कुणाचं मधलं टोक ऋण तर कुणाचं धन. नुसत्या अँटेनाच्या वायरीवर चालणारं यंत्र असेल, तर एक ट्रान्झिस्टर, दोन-तीन रेझिस्टर आणि एक कपॅसिटर लावून चित्र सरळ पिवळ्या पिनेवर काढते. मुंग्या जातात, अक्षरं स्वच्छ दिसतात. आतलं सगळं काढून एखादा तळहाताएवढा कॉम्प्युटर बसवून द्या, हजार गेम येतील, असं म्हणणाऱ्याला मी नवीनच का घेत नाही असं विचारते. पिवळं पडलेलं प्लॅस्टिक पांढरं करता येतं. पार्लरमध्ये केसांच्या रंगात मिसळतात ते पेरॉक्साइडचं क्रीम फासून उन्हात ठेवायचं. मला ते पिवळं दिसणं चालतं. माझेही केस मी रंगवत नाही.

गेमसोबतच्या बंदुकीचं विचारूच नका. ती बिघडलेली नसते, टीव्ही बदललेला असतो. बदकं टिपायच्या गेममध्ये चाप ओढला की पडदा क्षणभर काळा होतो, मग बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटतो, आणि बंदुकीतला डोळा तो उजेड त्याच क्षणी शोधतो. पिक्चर ट्यूबवर रेघ सरकते त्या वेगाची लुकलुक तिला ओळखीची असते. सपाट टीव्हीवर ती लुकलुक नाही आणि चित्रही किंचित उशिरा येतं. बदक समोर असून दिसत नाही.

तर माझा दुसरा रिमोट. आमचं स्वतःचं यंत्र आईनं माळ्यावर नीट फडक्यात बांधून ठेवलं होतं. दुसरा रिमोट उघडला तर बोर्ड पहिल्याचाच निघाला. सिलेक्ट-स्टार्टच्या रेघा छापलेल्या, फक्त वरच्या झाकणाला भोकं नाहीत आणि रबर नाही. कारखान्यानं बोर्ड एकच काढला आणि झाकणं दोन.

तपकीर गल्लीत, पुण्याच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, गेले. दुकानदारानं विचारलं, "ताई, मुलाच्या शाळेचा प्रोजेक्ट का?" मी "हो" म्हटलं, तेवढंच लवकर होतं. दोन छोटी पुश बटणं घेतली, झाकणाला छिद्रं पाडून आतून बसवली, चार तारा त्या छापील रेघांवर सोल्डर केल्या.

एवढ्यानं मारिओ माझं ऐकणार नव्हता, हे मला ठाऊक होतं. दुसऱ्या रिमोटचं स्टार्ट मारिओ वाचतो, पण गेम थांबवायचा का हे तो फक्त पहिल्याला विचारतो. प्रोग्रॅममध्येच तसं लिहिलंय. पण आमच्या यंत्राच्या दोन्ही रिमोटांना नऊ पिनांचे प्लग आहेत, हवा तो हव्या त्या भोकात बसतो. आजवर माझा रिमोट पहिल्या भोकात निरुपयोगी होता, कारण त्यानं गेमच सुरू करता येत नसे. आता येतो.

दिवाळीत दादा आला. वहिनी आणि सासूबाई फराळाचं बघत होत्या, मुलांना त्या खोक्यात काडीचा रस नव्हता. दादानं सवयीनं पहिला रिमोट उचलला, मांडी घालून बसला, कॅसेटमधल्या गेमांच्या यादीवर स्टार्ट दाबलं. काही झालं नाही. पुन्हा दाबलं.

"बिघडलाय गं हा. दुरुस्त केलास म्हणालीस ना?"

"बिघडलेला नाही. तू आता दोन नंबर आहेस."

त्यानं तारेचा माग काढत प्लग बघितला, मग माझ्या हातातली बटणं बघितली. "हे कधीपासून आहे याला?"

"गेल्या महिन्यापासून," मी म्हटलं आणि स्टार्ट दाबलं. "गप बस, मी मेले की तुझी पाळी."