अज्ञानाची (अठराखालच्या मुलाची) मिळकत सांभाळताना: मोबदला आणि अंगावर येणारी देणी

शहापुरातला गाळा भाच्याच्या नावे, आणि भाचा पंधराचा. म्हणून बेळगावच्या जिल्हा कोर्टात १८९० च्या गार्डियन्स अँड वॉर्ड्स कायद्याखाली, त्याच्या मिळकतीचा पालक म्हणून माझी नेमणूक व्हावी, असा अर्ज केला. मुलाच्या ताब्याचा वाद असता तर फॅमिली कोर्ट. इथे मामला नुसत्या मिळकतीचा होता. कोर्टाने सांगितलं, तर नेमणूक झाल्यापासून सहा महिन्यांत मिळकत, रोकड, येणं-देणं यांची यादी कोर्टात द्यायची असते.

मोबदल्याची तरतूद कलम २२ मध्ये आहे, पण तो आपोआप मिळत नाही. कोर्टाला योग्य वाटेल तेवढाच, तोही आदेशात लिहिलेला असेल तर. मी मूळ अर्जात मागायचं विसरलो, मग वेगळा अर्ज. आदेशाआधी भाड्यातून परस्पर पैसे उचलले, तर ते पालकाकडूनच येणं निघतात. भाड्याचं खातं पहिल्या दिवसापासून वेगळं हवं.

भाडेकरूला पाच वर्षांचा करार हवा होता. कोर्टाच्या परवानगीशिवाय पाच वर्षांपेक्षा जास्त करार चालत नाही, आणि मुलगा सज्ञान झाल्यावर एका वर्षापलीकडे तर कितीही मुदतीचा चालत नाही. पंधराच्या मुलाला १९ पूर्ण होईपर्यंत चारच वर्षं! ही दुसरी अट बहुतेकांच्या लक्षातच येत नाही.

पावसात पत्रे गळू लागले. दुरुस्ती ठेवीतून करावी की भाडं साठेपर्यंत थांबावं? तेव्हा कलम ३३ उपयोगी पडलं. सगळी वस्तुस्थिती प्रामाणिकपणे मांडून कोर्टाचा सल्ला मागायचा. त्याप्रमाणे वागलं की त्या बाबतीत पालकाने आपलं कर्तव्य केलं, असं धरलं जातं. काही लपवलं तर हे कवच गेलं. पत्रेवाल्याच्या कोटेशनवर सही करताना नुसतं आपलं नाव घालू नका, 'अज्ञान अमुकचा अ.पा.क.' (अज्ञान पालनकर्ता) असं लिहा. नुसत्या नावाने केलेला करार आपल्याच गळ्यात येतो.

हिशेब तपासणीत अडलं ते मजुरीच्या चिठ्ठीवर: रक्कम होती, घेणाऱ्याची सही नव्हती. मराठी पावत्यांना कन्नड भाषांतरही जोडावं लागलं.

भाचा अठराचा होताच पासबुक, करार, शिल्लक त्याच्या हवाली केली आणि पोच घेतली. मग कलम ४१ खाली मुक्ततेचा अर्ज केला. आदेश मिळाला की जबाबदारी संपते. पुढे लबाडी उघडकीस आली तर तेवढी मात्र सुटत नाही.