पालघाटच्या अलीकडचा पक्षी, पलीकडचा पक्षी

ऊटी आणि मुन्नार एकाच सहलीत उरकणारे बहुतेक जण मधला प्रवास रात्रीचा ठेवतात. दिवस वाया जात नाही, हॉटेलचं एका रात्रीचं भाडं वाचतं. मला मात्र अख्ख्या सहलीतला सगळ्यात जास्त लक्षात राहिला तो हा मधलाच रस्ता. एप्रिलची दुपार, खडखडणारी सरकारी बस आणि खिडकीतून येणाऱ्या गरम झळा.

ऊटी गावाबद्दल फार लिहीत नाही. गर्दी, हॉर्न, चॉकलेटची दुकानं. गावाबाहेर पडून शोलात शिरलो आणि मग बरं वाटलं. शोला म्हणजे उंच डोंगरांच्या घळींमध्ये, ओढ्याकाठी वाढलेलं ठेंगणं, घट्ट जंगल. खोडांवर बोटभर शेवाळ, फांद्यांवर ऑर्किड, आत भर दुपारीही अंधार. जंगल संपलं की मध्ये झुडपं वगैरे काही नाही, थेट गवताळ उतार सुरू होतो.

तिथे ओल्या पाचोळ्यात नीलगिरी शोलाकिली दिसली. चिमणीपेक्षा जराशी मोठी, पाय लांब, पाठ आणि छाती गडद निळी, पोटाच्या कडा विटकरी. दोन उड्या मारायची, थांबायची, पान उलटायची, पुन्हा अंधारात. मी आणि बहीण श्वास धरून उभ्या होतो, तेवढ्यात मागून मोठ्यांदा तिचंच गाणं सुरू झालं. मोठ्या लेन्सवाल्यांचा एक गट आला होता, आणि त्यांच्यातल्या एकाने स्पीकर झाडाच्या बुंध्याशी ठेवला होता. मराठीच मंडळी.

"काका, बंद करा ना जरा."

"अगं, दोनच मिनिटं. एवढ्या लांबून आलोय."

दोन मिनिटांची वीस झाली. रेकॉर्डिंग ऐकून पक्षी बाहेर येतो, कारण आपल्या हद्दीत कुणी दुसरा घुसलाय असं त्याला वाटतं. विणीच्या दिवसांत खाणंपिणं आणि घरटं सोडून तो नसलेल्या शत्रूशी भांडत बसतो. फोटो उत्तम आले असतील. मला अजून आठवलं की राग येतो.

दुसऱ्या दिवशी घाट उतरून कोइम्बतूर, तिथून पोल्लाची, उडुमलपेट. ऊटीत सकाळी स्वेटर होता, इथे ओढणी भिजवून डोक्यावर घेतली. दोन्ही बाजूंना नारळाच्या बागा, लांबवर पवनचक्क्यांच्या रांगा. हा वारा पालघाट खिंडीतून येतो. अख्ख्या पश्चिम घाटात एवढी मोठी फट दुसरी नाही, सुमारे 30 किलोमीटर रुंद. उत्तरेला नीलगिरी, दक्षिणेला अन्नामलाई, दोन्हीकडे अडीच हजार मीटरच्या वर गेलेली शिखरं, आणि मध्ये ही तापलेली सपाटी.

बसने खिंडीचं हे तोंड ओलांडायला फार वेळ लागत नाही. शोलाकिलीला ते लाखो वर्षांत जमलेलं नाही. ती गार, ओल्या, उंचावरच्या जंगलाची रहिवासी. लांब उडत नाही, उघड्यावर येत नाही. तिच्यासाठी हे नारळ आणि ही झळ म्हणजे समुद्रच. खिडकीत बसून मी दोन्हीकडच्या निळ्या कडा बघत होते आणि पुस्तकात वाचलेलं अंगावर येत होतं.

पुढे चिन्नारचं काटेरी, कोरडं रान, मग मरयूरचं चंदन, आणि अंधार पडताना मुन्नारचा गारवा.

मुन्नारजवळच्या शोलात तिची बहीण भेटली. तेच लांब पाय, तीच पाचोळ्यातली लगबग. पण भुवई पांढरी, पोट पांढरं, विटकरी रंगाचा पत्ता नाही. ही पांढऱ्या पोटाची शोलाकिली, खिंडीच्या दक्षिणेची. बरीच वर्षं या पक्ष्यांना हिमालयातल्या शॉर्टविंग पक्ष्यांचे भाऊबंद समजत. 2017 मध्ये पक्षी-अभ्यासक व्ही. व्ही. रॉबिन आणि सहकाऱ्यांनी जनुकीय अभ्यासावरून त्यांची ‘शोलिकोला’ ही वेगळी प्रजाती केली, आणि अगदी दक्षिणेच्या अशंबू डोंगरांतली तिसरी जातही वेगळी काढली. लाफिंगथ्रश या पक्ष्यांचीही तीच कथा. ऊटीजवळच्या दोड्डबेट्टाला माणसांच्या पायाशी येऊन खाऊ वेचणारा तांबूस पोटाचा वेगळा, आणि मुन्नारजवळच्या इरविकुलम उद्यानाच्या वाटेवर कठड्यावर बसलेला करड्या छातीचा वेगळा.

या दुसऱ्याचं शास्त्रीय नाव ‘फेअरबँकी’. ते वाचून मी थबकलेच. सॅम्युअल फेअरबँक हे अमेरिकन मिशनरी. आयुष्यभराचं काम आपल्या नगरकडे, वडाळ्याला. पळणीच्या डोंगरांत त्यांनी गोळा केलेल्या नमुन्यावरून 1869 मध्ये ब्रिटिश निसर्गशास्त्रज्ञ ब्लॅनफर्डने या पक्ष्याला त्यांचं नाव दिलं. वडाळ्यावरून मी किती वेळा गेले असेन, तिथल्या कुणी मला हे सांगितलं नाही. सांगायला हवं.

सगळेच प्राणी असे विभागलेले नाहीत. नीलगिरी ताहर, म्हणजे इथली रानशेळी, खिंडीच्या दोन्ही बाजूंना आहे, एकच जात. पण त्याला मोकळं गवत लागतं, आणि ब्रिटिशांनी आणलेल्या वॉटल (एक परदेशी बाभूळ) आणि निलगिरीच्या झाडांच्या लागवडींनी ते भरमसाट खाल्लं आहे. हिरवं दिसतं म्हणून गाडीतले लोक "काय मस्त जंगल" म्हणतात. त्या वॉटलच्या राईत मी अर्धा तास फिरले, पाचोळ्यात हालचाल नव्हती.

इरविकुलमला मात्र गवत टिकलंय. 97 चौरस किलोमीटरचं उद्यान, वर अनाइमुडी शिखर, 2,695 मीटर. पर्यटकांना वनखात्याच्या बसने राजमलापर्यंत नेतात, पुढे सोडत नाहीत, आणि ताहरच्या विणीच्या काळात, फेब्रुवारी-मार्चमध्ये, उद्यान बंदच ठेवतात. माझ्यापुढे एक जोडपं गेटवर बराच वेळ हुज्जत घालत होतं, तिकीट काढलंय तर शिखर का नाही म्हणून. त्या माथ्यावर एक नारिंगी, अंगभर गाठी असलेला इवलासा बेडूक राहतो. 2010 मध्ये त्याचं वर्णन प्रसिद्ध झालं. या उंच डोंगराळ परिसराबाहेर तो जगात सापडलेला नाही. खालून उष्मा चढत आला तर इतर प्राणी आणखी वर सरकतील, याला सरकायला जागा नाही, कारण दक्षिण भारतात याहून उंच डोंगरच नाही. गेटवरचा माणूस न चिडता "नाही" म्हणत राहिला. मला त्याचं फार बरं वाटलं.