पॅडल दाबल्यावरच गळणारा व्हॅक्यूम : बेडफर्डच्या बूस्टरची पुढील हकीकत

गेल्या रविवारी दुपारी बाळकुमच्या शेडमध्ये पंखा बंद करून, दार लावून घेऊन, घामाने निथळत मी एक उदबत्ती माझ्या जुन्या बेडफर्ड गाडीच्या ब्रेक बूस्टरमधल्या डायफ्रामच्या (रबरी पडद्याच्या) मधल्या नटाजवळ धरली आणि सरळ वर जाणारा धूर अचानक वाकून नटाखाली नाहीसा झाला. तीन आठवडे ज्या गळतीने मला आणि आमच्या कळव्याच्या मिस्त्रीकाकांना झुलवत ठेवले होते, ती अखेर डोळ्यांना दिसली. बूस्टर म्हणजे व्हॅक्यूमच्या जोरावर ब्रेकच्या पॅडलला मदत करणारा भाग, आणि एक्झॉस्टर म्हणजे तो व्हॅक्यूम तयार करणारा पंप. एक्झॉस्टर उघडल्यानंतर मी काहीच कळवले नव्हते, म्हणून आज सविस्तर लिहितो.

आधी एक्झॉस्टरचा निकाल सांगतो, कारण ते काम अपेक्षेपेक्षा सरळ निघाले. डिझेल इंजिनच्या इनटेकमध्ये पेट्रोल गाडीसारखा व्हॅक्यूम तयार होत नाही, त्यामुळे आपल्या गाड्यांची सगळी भिस्त या पंपावर असते, आणि माझा पंप पाऱ्याच्या १८ इंचांच्या वर सरकायलाच तयार नव्हता. व्हेन (रोटरमधल्या सरकत्या पट्ट्या) झिजल्या असणार, अशी माझी खात्री होती. प्रत्यक्षात इंजिन ऑइल आणणारे बारीक छिद्र काजळीने बुजले होते आणि कोरड्या पडलेल्या व्हेन रोटरच्या खाचांमध्ये अडकत होत्या. छिद्र तारेने मोकळे केले, खाचा रॉकेलने धुतल्या आणि एकही सुटा भाग विकत न घेता गेज २४ इंचांवर गेले. व्हॅक्यूम साठवणाऱ्या टाकीच्या तळाचा प्लग सोडला तेव्हा अर्धा कप काळे तेल आणि पाणी निघाले, आणि चेक व्हॉल्व्हची (हवा एकाच दिशेने जाऊ देणाऱ्या झडपेची) बैठक बारीक पेस्टने घासल्यावर टाकी रात्रभर व्हॅक्यूम धरून राहू लागली. त्या संध्याकाळी मी स्वतःवर फार खूश होतो.

खरा छळ त्यानंतर सुरू झाला. बूस्टरचा जुना डायफ्राम काठाशी चिरला होता, म्हणून मी मुंबईतील एका दुकानातून नवा मागवला होता. 'ओरिजिनल मापाचा' असे सांगून त्यांनी तो पाठवला. बिलावर मात्र मापाचा उल्लेख नव्हता. तो बसवून, इंजिन चालवून २२ इंचांवर बंद केले. पॅडल सुटलेले असताना वीस मिनिटे काटा हलला नाही. नंतर पॅडल दाबून धरले आणि एका मिनिटात काटा ९ इंचांवर आला.

या आकड्यांचा अर्थ असा. माझ्या बूस्टरच्या डायफ्रामचा व्यास २४ सेंटिमीटर, म्हणजे क्षेत्रफळ सुमारे ४५० चौरस सेंटिमीटर आहे. २२ इंचांना त्यावर जवळपास ३४० किलोंचा जोर मिळतो, तर ९ इंचांना जेमतेम १४०. सिग्नलवर पाय ठेवून उभे राहावे आणि मिनिटभरात निम्म्याहून अधिक मदत निघून जावी, अशी ती अवस्था होती. भरल्या गाडीने मुंब्रा बायपासच्या उतारावर हे अनुभवण्याची माझी इच्छा नाही.

आता तर्क पाहा. आपल्या प्रकारच्या बूस्टरमध्ये पॅडल सुटलेले असताना डायफ्रामच्या दोन्ही बाजूंना, म्हणजे पुढच्या आणि मागच्या दोन्ही कप्प्यांत, व्हॅक्यूम असतो. त्यामुळे होज, टाकी, बाहेरचा काठ किंवा हवेचा व्हॉल्व्ह यांपैकी काहीही गळत असते, तर काटा सुटलेल्या पॅडललाच घसरला असता. पॅडल दाबले की मागच्या कप्प्यात फिल्टरमधून बाहेरची हवा शिरते आणि पुढच्या कप्प्यात व्हॅक्यूम कायम राहतो. म्हणजे दाबल्यावरच दिसणारी गळती ही एका कप्प्यातून दुसऱ्या कप्प्यात होणारी गळती असते. तिला दोनच मुख्य वाटा आहेत : एक, कंट्रोल व्हॉल्व्हमधली व्हॅक्यूमची बैठक नीट न मिटणे, दोन, खुद्द डायफ्राम.

डायफ्राम नवा असल्याने मी पहिल्या वाटेवर बोट ठेवले आणि तिथेच दोन रविवार घालवले. व्हॉल्व्ह उघडला, बैठक घासली, रबर बदलले, स्प्रिंग बदलली, पुन्हा ब्रेक ऑइलमधली हवा काढली, आणि काटा पुन्हा ९ वर. दुसऱ्यांदा उघडताना मी फिल्टरचे झाकणही वाकवून ठेवले, ते वेगळे.

शेवटी काकांनी एक साधी युक्ती सुचवली, जी मला आधीच सुचायला हवी होती. व्हॉल्व्हपासून मागच्या कप्प्याकडे जाणारी लोखंडी नळी काढून तिथे तात्पुरता जाड रबरी होज लावला. पॅडल दाबून धरले, काटा घसरू लागताच होज पकडीने चिमटून बंद केला. व्हॉल्व्ह गळत असता तर काटा घसरतच राहिला असता, कारण व्हॉल्व्हला बाहेरची हवा मिळतच होती. झाले उलटे : काटा थोडा उतरला आणि थांबला, आणि त्याच वेळी चाकांवरची ब्रेकची पकड सैल झाली. मागच्या कप्प्यात कोंडलेली हवा डायफ्राम ओलांडून पुढे गेली होती. व्हॉल्व्ह निर्दोष सुटला.

मी म्हणालो, "काका, डायफ्राम मी अंधारात बॅटरी लावून पाहिला आहे, त्याला एकही भोक नाही." त्यावर ते म्हणाले, "अहो, भोक फक्त रबराला पडतं असं तुम्हाला कोणी सांगितलं? तो धरलाय कुठे कुठे, ते बघा की."

डायफ्राम दोन ठिकाणी धरलेला असतो. बाहेरचा काठ दोन कवचांच्या मध्ये, आणि आतला काठ पुशरॉडवरच्या (डायफ्रामचा जोर पुढे नेणाऱ्या दांड्यावरच्या) दोन थाळ्यांच्या मध्ये, नट आवळून. बाहेरच्या काठाची गळती बाहेरून आत येते आणि लगेच दिसते. आतल्या काठाची गळती मात्र एका कप्प्यातून दुसऱ्यात जाते आणि सुटलेल्या पॅडलला ती पूर्णपणे मुकी असते. हे मी कधीच तपासले नव्हते.

मग बूस्टर पुन्हा खाली उतरवला. मागचे कवच काढून त्याच्या जागी प्लायवूडचे कडे कापून, त्याने डायफ्रामचा बाहेरचा काठ पुढच्या कवचावर आवळला. कंट्रोल नळीचे तोंड बंद केले आणि फ्रिज दुरुस्त करणाऱ्या मित्राचा पंप पुढच्या कप्प्याला जोडला. केवळ १० इंच व्हॅक्यूम ठेवला, कारण तेवढ्यानेही दीडशे किलोंचा जोर येतो आणि बोटे आपलीच असतात. साबणाच्या पाण्याचा इथे उपयोग नाही. हवा आत ओढली जात असल्यामुळे बुडबुडे येत नाहीत. म्हणून उदबत्ती.

धूर वाकलेला पाहिल्यावर नट सोडून मापे घेतली. जुन्या डायफ्रामचा आतला काठ ३.२ मिलिमीटर जाड होता, नव्याचा २.४. दोन थाळ्या खांद्यावर एकमेकींना टेकल्या की रबरासाठी त्यांच्यात २.८ मिलिमीटरची फट उरते. जुना रबर त्या फटीत घट्ट दबत होता. नवा तिच्यात ०.४ मिलिमीटरने सैल बसत होता. नट कितीही आवळला तरी लोखंड लोखंडाला टेकत होते आणि रबर मोकळेच राहत होते. दुकानदाराला फोन केला तेव्हा "सगळ्यांना हाच देतो, कोणाची तक्रार नाही," असे उत्तर मिळाले. तक्रार येत नाही, कारण बहुतेक जण नटाभोवती सिलिकॉन थापून मोकळे होतात. मला तो उपाय मान्य नाही. बाहेर आलेला जादा सिलिकॉन सुटून व्हॉल्व्हच्या बैठकीत अडकला, तर ब्रेक लागून बसण्याची भीती असते. माझे स्पष्ट मत आहे की बूस्टरच्या आत ट्यूबमधले काहीही जाऊ नये.

उपाय दोन होते. थाळीचा खांदा लेथवर ०.८ मिलिमीटर उतरवणे, किंवा फट भरणे. वागळे इस्टेटमध्ये ज्या लेथवाल्यांनी माझ्या स्लेव्ह सिलिंडरला पितळी स्लीव्ह घालून दिली, त्यांच्याकडे थाळी घेऊन गेलोही होतो. त्यांचे काम अप्रतिम आहे आणि मोजमापाच्या बाबतीत ते माझ्याहून चिकट आहेत. परंतु मशीन लावण्याआधी त्यांनीच विचारले की उद्या योग्य जाडीचा डायफ्राम मिळाला तर या थाळीचे काय करणार. पन्नास वर्षांहून जुन्या गाडीची थाळी परत मिळणार नाही, हे पटले आणि तसाच परतलो. सध्या १ मिलिमीटर ईपीडीएम रबराची चकती कापून डायफ्रामखाली घातली आहे. एकूण जाडी ३.४, फट २.८, म्हणजे सुमारे १८ टक्के दाब.

आता पॅडल दाबून धरल्यावर पाच मिनिटांत काटा २२ वरून २१ वर येतो. मी ती पाच मिनिटे घड्याळ लावून बसलो होतो आणि काकांनी तेवढ्यात दोन चहा संपवले. इंजिन बंद केल्यावर पॅडल जड होण्याआधी चार वेळा पूर्ण ब्रेक लागतो.

ब्रेक ऑइलच्या नळ्यांतली हवा काढताना एक गोष्ट पुन्हा सांगतो, कारण मागच्या वेळी दोघांनी उलटे केले होते. इंजिन बंद ठेवा, पॅडल सात-आठ वेळा दाबून टाकीतला व्हॅक्यूम संपवा, आधी बूस्टरवरच्या निपलमधून हवा काढा आणि मगच चाकांकडे जा. ब्रेक ऑइलचा डबा एकदा फोडला की ठाण्याच्या पावसाळ्यात तो शिल्लक ठेवू नका. डॉट ३ प्रकारचे ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषते. त्याचा उकळबिंदू कोरडे असताना किमान २०५ अंश आणि ओले झाल्यावर किमान १४० अंश सेल्सिअस धरलेला आहे. हा फरक उतारावर जाणवतो.

इथपर्यंत लिहून झाल्यावर त्या चकतीविषयी शंका आली. ईपीडीएम ब्रेक ऑइलला उत्तम टिकते, पण इंजिन ऑइलने फुगते, आणि चकती पुढच्या कप्प्याच्या बाजूला आहे, जिथे एक्झॉस्टरकडून तेलाचा अंश परत येऊ शकतो. टाकीत अर्धा कप तेल सापडलेच होते. नायट्राइल रबर घ्यावे तर उलटी अडचण : ते इंजिन ऑइलला टिकते, पण पुशरॉडचे सील गळले की ब्रेक ऑइल त्याच कप्प्यात ओढले जाते आणि त्याने नायट्राइल फुगते. तेव्हा चकती दर दोन महिन्यांनी उघडून पाहण्याचा बेत मी सोडून दिला आहे. जुन्या डायफ्रामवरून साचा करून, निओप्रीनचा लेप असलेल्या कापडाचा नवा डायफ्राम ओतून घेणार आहे. निओप्रीन दोन्ही तेलांना मध्यम टिकते. रबाळे एमआयडीसीतील एका साचेवाल्याने साच्याचा खर्च सांगितला आहे, तो एकट्याला परवडणारा नाही. ज्यांच्या गाडीला हाच बूस्टर आहे त्यांनी आपल्या थाळ्यांमधली फट मोजून कळवावी. व्हर्नियरने मोजा, पट्टीने नको. पाच जण जमले तर दिवाळीआधी साचा होईल.

पुढच्या महिन्यात दुसरी व्हॅक्यूम टाकी बसवायची, असे मी मागे जाहीर केले होते. ते काम आता मागे पडले आहे. खंडाळ्याच्या उंचीवर, म्हणजे सुमारे ६०० मीटरवर, हवेचा दाबच पाऱ्याच्या जवळपास दोन इंचांनी कमी असतो आणि इथे २४ दाखवणारा एक्झॉस्टर तिथे २२ च्या आसपासच राहणार. तिथे मोठ्या टाकीपेक्षा व्हॅक्यूम कमी झाल्याचे वेळेत कळणे मला अधिक गरजेचे वाटते. म्हणून डॅशबोर्डवर १५ इंचांखाली वाजणारा बझर आधी लावतो. त्याचा व्हॅक्यूम स्विच कळंबोलीच्या ट्रक बाजारात जुन्या मालात मिळाला आहे. तो कितीवर लागतो हे त्यावर लिहिलेले नाही, त्यामुळे मित्राचा पंप आणखी एक रविवार परत करता येणार नाही.