स्टेशनवरचा कोट

लंडनमध्ये रविवारी संध्याकाळी सहानंतर कोट घ्यायचा म्हटलं तर मोठी दुकानं बंद. रेल्वे स्टेशनवर मात्र मिळतो, आणि साधासुधा नाही, चांगला लोकरीचा, रेशमी अस्तर लावलेला.

ऑफिसातली एक बाई सोमवारी सकाळी नवा कोरा कोट घालून आली. कुठून घेतला विचारलं तर म्हणाली, "काल रात्री, स्टेशनवरून." आपण 'कोपऱ्यावरून कोथिंबीर आणली' म्हणतो, अगदी त्या सुरात. मी दिवसभर त्याच विचारात. इतकी वर्षं मी त्या काचांसमोरून रोज धावत गेले, पण तिथून कुणी खरंच काही विकत घेत असेल असं मनातही आलं नव्हतं.

मग कळलं की यामागे कायदासुद्धा आहे. रविवारच्या दुकानांबद्दलचा 1994 चा कायदा सांगतो की इंग्लंड-वेल्समध्ये 280 चौरस मीटरपेक्षा मोठं दुकान रविवारी सलग सहाच तास उघडं ठेवता येतं, तेही सकाळी दहा ते संध्याकाळी सहाच्या आत. सूट कोणाला? विमानतळ आणि रेल्वे स्टेशनवरच्या दुकानांना. प्रवाशाचं अडू नये, हे मला पटतं. पण प्रवाशाचं अडतं ते पाण्याच्या बाटलीवाचून, बाळाच्या दुधावाचून, डोकेदुखीच्या गोळीवाचून. दोनशे पौंडांच्या कोटावाचून कोणाची गाडी अडली?

अडते म्हणे. 1983 मध्ये सोफी मिरमन नावाच्या बाईंनी नाइट्सब्रिजच्या भुयारी स्टेशनात नुसत्या मोज्यांचं दुकान काढलं, 'सॉक शॉप'. ऑफिसला पळणाऱ्या बायकांचे लांब मोजे नेमके वाटेत उसवतात, हे त्यांनी बरोबर हेरलं होतं. त्याआधी त्या 'टाय रॅक'मध्ये होत्या. ती कंपनीही स्टेशनं आणि विमानतळांवर टाय विकून वाढली आणि 2013 मध्ये बंद झाली. लोक टाय घालेनासे झाले, दुसरं काय! पण मोजे आणि टाय ही झाली नड. नडीपासून मिरवण्यापर्यंत मजल कशी गेली ते लंडनच्या वॉटर्लू स्टेशनात दिसतं. 2012 मध्ये तिथे गाड्यांच्या फलकांसमोर, वरच्या बाजूला, अख्खी बाल्कनी बांधून दुकानं थाटली.

सेंट पँक्रसपुढे मात्र मी हात जोडते. स्टेशन 1868 चं. वाटेतला कालवा ओलांडून रूळ यायचे म्हणून फलाट उंचावर बांधले, आणि खाली जे तळघर उरलं त्यात बर्टन गावाहून येणारी बिअरची पिंपं ठेवायची. तिथले लोखंडी खांब किती अंतरावर उभारायचे, ते म्हणे पिंपांच्या मापावरून ठरवलं होतं. 1960 च्या दशकात हे स्टेशन पाडायला निघाले होते. कवी जॉन बेट्जेमन यांच्यासारखी माणसं आडवी आली म्हणून वाचलं. त्यांचा पुतळा आता वरच्या मजल्यावर आहे, टोपी सावरत छताकडे बघणारा. 2007 मध्ये पॅरिसच्या गाड्या इथून सुटायला लागल्या आणि पिंपांच्या जागी अत्तरं, कपडे, उंची चहा आला. परदेशची गाडी म्हणजे पासपोर्ट तपासणी. माणूस लवकर येतो, हातात वेळ असतो आणि खिशात सुट्टीसाठी बाजूला काढलेले पैसे. दुकानदाराला आणखी काय हवं?

आमची मावशी इंदूरहून आली होती तेव्हा तिला पॅरिसला नेलं, ते याच स्टेशनातून. तासभर आधी पोचलो. मावशी एका कपड्यांच्या दुकानात शिरली, एका कोटाची बाही दोन बोटांत धरून चुरगाळली, उलटी करून आतली शिवण पाहिली, आणि मला मराठीत पण खणखणीत आवाजात म्हणाली, "अगं, लोकर कमी, भेसळ जास्त." चिठ्ठी पाहिली तर खरंच साठ टक्के लोकर. दुकानातली पोरगी हसून "काही मदत हवी का" म्हणून गेली. मावशीचं समाधान झालं नाही. "बस म्हणाली नाही, पाणी विचारलं नाही, दुसरा रंग काढून दाखवला नाही. घेणार कसं गं माणूस?"

आता ज्या बाईचं अर्धं आयुष्य इंदूरच्या क्लॉथ मार्केटच्या पांढऱ्या गादीवर चपला काढून बसण्यात आणि शीतलामाता बाजारात 'ठीक है भैया, चलते हैं' म्हणून उठण्यात गेलं, तिला काय समजावणार? मी समजावलंही नाही. खरं सांगू, आतून बरंच वाटलं.

तरी मला राग कपड्यांचा नाही, बाकड्यांचा आहे. माझ्या रोजच्या स्टेशनात (नाव नको) कॉफीवाले पाच, कपडेवाले तीन, फुलवाला एक, आणि फुकट बसायला अशी लोखंडी पट्टी की तिच्यावर टेकता येतं, बसता येत नाही. लंडनच्या बड्या स्टेशनांत गाडी कुठल्या फलाटावरून सुटणार ते सुटायच्या थोडंच आधी फलकावर लागतं. तोवर शेकडो माणसं मान वर करून फलकाकडे बघत उभी. पाय दुखले की समोर उघडं दार, मऊ उजेड, आत गालिचा. बाकडं टाकलं तर रेल्वेला त्याचं भाडं मिळत नाही. दुकानाचं मिळतं, आणि बऱ्याचदा ते विक्रीच्या टक्केवारीवर असतं. सातव्या महिन्याची पोटुशी बाई मी बॅगेवर बसलेली पाहिली आहे. काचेच्या पलीकडे बाहुलीला बसायला खुर्ची होती!

आपल्याकडे निदान बसायचं तरी कोणी अडवत नाही. फलाटावर चादर अंथरा, डबा उघडा, पंख्याखाली ताणून द्या. हां, स्वच्छतागृहाचं विचाराल तर मी गप्प बसते. इथे बड्या स्टेशनांवर त्याचेही पैसे पडायचे, 2019 पासून फुकट झालं. स्वच्छही असतं. हे कबूल करायलाच हवं.

एका इंग्रज सहकाऱ्यानं मात्र मोठ्या कौतुकानं "रेल्वे आम्हीच तुम्हाला दिली" असं ऐकवलं, तेव्हा गप्प बसवेना. म्हटलं, बाबा रे, खांडवा-इंदूर रेल्वेसाठी आमच्या तुकोजीराव होळकरांनी तुमच्या सरकारला एक कोटी रुपये कर्ज दिलं होतं, 101 वर्षांच्या मुदतीनं, साडेचार टक्क्यांनी. तो म्हणाला, "व्याज चांगलं होतं." व्यापारी माणूस!

आता तुम्ही विचाराल, आणि विचारायला हवंच, की मी स्वतः काय करते. तर हो, माझ्या अंगावरचे निम्मे कपडे आता स्टेशनवरचे आहेत. सहाला ऑफिस सुटतं, आठला घर येतं, शनिवारी पोराचं पोहणं. बाजारात जायचं कधी? शिवाय ऑनलाइन मागवलेलं आवडलं नाही तर परत करायचा काउंटर स्टेशनवरच. ज्यांना ही उधळपट्टी वाटते त्यांनी एकदा इथली जानेवारीतली संध्याकाळ अनुभवावी, मग बोलू.

भोपाळचं राणी कमलापती स्टेशन 2021 मध्ये विमानतळासारखं होऊन उघडलं, तेव्हापासून आपल्या इंदूरकरांच्या पोटात दुखतंय, मला माहीत आहे. परवा फोनवर मावशीला म्हटलं, आपल्या स्टेशनवरही उद्या माहेश्वरी साड्यांचं झकपक दुकान येईल, बघ. ती म्हणाली, "येऊ दे. पण गाडी सुटायला दहा मिनिटं असताना भाव कोण कमी करणार आहे? त्याला घाई नाही, आपल्याला आहे."